वॅगनचा हुक

माझं लग्न एका जॅकनं जुळवलं, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. चाक बदलताना गाडी उचलायला जो लोखंडी जॅक लागतो, तोच. माझ्या वडिलांचं, आबांचं, सांगलीत जुन्या गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं आणि दुकानाची एक अख्खी भिंत जॅकनं भरलेली होती. मला आई नव्हती. शाळा सुटली की मी दुकानात यायची, आणि तिथं दुसरं बघण्यासारखं काही नसल्यानं मी जॅक बघतच मोठी झाले. बाकीच्या मुली भरतकाम शिकल्या. मला कुठला जॅक कुठल्या गाडीचा हे कळायला लागलं, आणि त्याचा उपयोग काय असं विचारणारी आत्या दर सुट्टीत घरी येऊन तोच प्रश्न विचारून जायची.

आबांना सगळे जॅकवाले आबा म्हणायचे. साताऱ्यापासून जतपर्यंत कुणाच्या जुन्या विलायती गाडीचा जॅक हरवला की ड्रायव्हर आमच्याकडे यायचा. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला जॅक वेगळा आणि नंतर कुठून तरी आणून डिकीत टाकलेला जॅक वेगळा, हे पुष्कळ मालकांच्या गावीही नसायचं. अमेरिकन गाड्यांचं तर फारच नाजूक काम. त्यांचा जॅक गाडीच्या पोटाखाली लावत नाहीत, बंपरला लावतात. खाली एक लोखंडी ताटली, तिच्यात उभा दातेरी दांडा, दांड्यावर चढत जाणारं डोकं, आणि त्या डोक्यात बसवायचा एक सुटा हुक. हुक बंपरच्या खाचेत अडकवायचा आणि पाना मारत मारत गाडी वर घ्यायची. ताटली, दांडा, डोकं एका गाडीचं दुसऱ्या गाडीला एक वेळ चालून जातं. हुक चालत नाही. अख्ख्या गाडीचा भार त्या चार बोटं लोखंडावर असतो, आणि प्रत्येक बंपरची खाच निराळी.

"रंगाकडं बगू नगंस," आबा मला सांगायचे. "रंग कुणीबी दितंय. छाप कुठं हाय बघ, झीज कुठं हाय बघ, आन् हुकाची जीभ बघ."

हुकाचं जे टोक बंपरमध्ये शिरतं त्याला ते जीभ म्हणायचे. माझ्या हातात दोन-दोन हुक देऊन ते मला डोळे मिटायला लावायचे. कुठली जीभ अरुंद, कुठलीला मध्ये खाच, कुठली सपाट, हे मी अंगठ्यानं सांगायची. चुकले तर ते रागवायचे नाहीत, नुसतं परत हातात द्यायचे. त्यांना स्वतःला एखादा जॅक ओळखता आला नाही तर सरळ "मला म्हायत न्हाई" म्हणायचे आणि आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचे. माझा जीव वर-खाली व्हायचा. समोरचा दुकानदार वाटेल ते वाटेल त्याला खपवत होता आणि आमचे आबा गिऱ्हाइकाला पाणी पाजून रिकामं पाठवत होते. पण यामुळंच आबांनी एखादा जॅक हातात घेऊन "ह्योच" म्हटलं, की पुढं कुणी काही विचारायचं नाही.

सत्तरच्या आसपास साताऱ्याजवळच्या एका मोठ्या बागायतदारांनी एक अमेरिकन गाडी घेतली. मुंबईतला कुणी परदेशी अधिकारी मायदेशी जाताना मागं ठेवून गेला होता. दोनच दारं, लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन. तिकडच्या तरण्या पोरांना शर्यती लावायला अशा गाड्या बनवतात म्हणे. इकडं तिच्या पुढं उसाच्या बैलगाड्या आणि मागं एसटी, तेव्हा शर्यत कुणाशी लावणार? तिचा आवाज ऐकून गावानं तिचं नाव 'रेडा' ठेवलं. मालकांना ते मुळीच आवडायचं नाही, पण नाव पडलं ते पडलंच.

तर या रेड्याच्या डिकीत जॅक नव्हता. मालक फौजेत कॅप्टन होते, त्यांना कुठलीही वस्तू अपुरी चालायची नाही. शिवाय जॅक हवा तर अस्सल हवा, कारखान्यातून त्या गाडीबरोबर यायचा तोच. त्यांनी आपल्या ड्रायव्हरला सांगलीला आबांकडं पाठवलं. आबा म्हणाले, "गाडी बगितल्याबिगर मी काय बी सांगणार न्हाई." मग ते साताऱ्याला गेले. डिकीच्या झाकणाला आतून एक छापील चित्र चिकटवलेलं होतं, जॅक कसा लावायचा त्याचं. आबांनी त्या चित्रावर पातळ कागद धरून हुक पेन्सिलीनं उतरवून घेतला आणि बंपरच्या खाचेत बोट घालून घालून ती मापून आणली.

ताटली, दांडा आणि डोकं मुंबईच्या भंगारात मिळालं. हुक मिळेना. तो कधी मिळतोय हे विचारायला मालक ड्रायव्हरला पाठवत राहिले आणि ड्रायव्हर येत राहिला. आला की मी चहा करायची. शेवटी कोल्हापूरच्या एका मिस्त्रीकडं हुक सापडला तोवर ड्रायव्हरला आमच्या चहाची सवय झालेली होती. आबांनी जॅक नुसता दिला नाही. साताऱ्याला जाऊन गाडी पुढून उचलली, मागून उचलली, वर उचललेल्या गाडीला खांदा लावून हलवली. हुक तसूभर सरकला नाही. मग मालकांना म्हणाले, "ह्योच." आणि त्याच मुक्कामात ड्रायव्हरच्या आईकडं माझा विषय काढून आले.

असं माझं लग्न झालं आणि मी बंगल्यामागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. घरात आम्ही तिघं, हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचं सगळं आयुष्य लोकांच्या रानात खुरपण्यात गेलेलं. पक्क्या भिंतींचं घर त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. दिवसातून दोनदा त्या भिंतीवरून हात फिरवायच्या. हे मनानं चांगले होते, हौशी होते, गाड्यांवर जीव टाकणारे होते. हौशी जरा जास्तच होते.

त्या घरात खंडेनवमी मोठी असायची. मालकांच्या देवघरात जुन्या तलवारी होत्या. नवमीला त्या बाहेर काढून मांडायच्या आणि त्यांच्या शेजारी घरातली सगळी हत्यारं ठेवायची, विळे, कोयते, कुऱ्हाडी आणि गाड्यांचे पाने न् जॅकसुद्धा. नवमीला पूजेला बसलेल्या हत्याराला कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी ती उठवून आपापल्या जागी जायची. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी ह्यांच्या मनात आलं की जॅक काळेच्या काळे बरे दिसत नाहीत, त्यांना चंदेरी रंग द्यावा.

मी म्हटलं, "कशाला रंग देताय? आबा म्हणतील छाप बुजला."

"तलवारीशेजारी काळं लोखंड बरं दिसतंय व्हय?" हे म्हणाले. "तुझ्या आबांना मी सांगतो."

शेडमध्ये रेडा होता आणि मालकांच्या वडिलांच्या वेळची एक जुनी अमेरिकन वॅगनही होती. तिच्यातनं दूध आणि पेंडीची पोती जायची. दोन्हींचे जॅक बंपरला लावायचे. ह्यांनी दोन्ही सुटे केले, रॉकेलनं धुतले, रंगवले आणि सगळे भाग तारेवर वाळत घातले. मी बंगल्यावर पुरणाच्या गडबडीत होते. तिसऱ्या प्रहरी बघते तो दोन्ही जॅक जोडून तलवारींशेजारी मांडलेले, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची फुलं. दिसत होते मात्र देखणे. मालकांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. दसऱ्याला सकाळी हत्यारं उठली, जॅक आपापल्या डिकीत गेले, आणि संध्याकाळी आम्ही सगळे सोनं लुटायला गेलो.

दिवाळी झाली. मालकांची बहीण पलूसला दिलेली होती. तिच्याकडं जाताना मालकांनी हौसेनं रेडा काढायला सांगितला. कराड सोडून बरंच पुढं गेल्यावर मागचं चाक पंक्चर झालं. हे जे घडलं ते मी ह्यांच्या तोंडून आणि पुढं मालकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मी तिथंच उभी होते असं मला वाटतं. रस्त्याच्या कडेची माती भुसभुशीत म्हणून ह्यांनी जॅकच्या ताटलीखाली फळी ठेवली. पुढच्या चाकाला दगड लावला. म्हणजे करायचं ते सगळं रीतसर केलं. गाडी वर आली, चाक निघालं. दुसरं चाक चढवायला हे वाकले, उजवा हात आत गेला, आणि हुक बंपरमधून निसटला. गाडी हातावर बसली. मागून उसाच्या गाड्या येत होत्या. त्या गाडीवानांनी बंपरला खांदे लावून ती उचलली.

मिरजेच्या दवाखान्यात ह्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. मला न्यायला जीप आली तेव्हा मी भाकरी थापत होते. दवाखान्यात हे पांढरे फटक पडून होते. मला बघून म्हणाले, "जॅक सरळ हुता गं. मी सगळं बगितलं हुतं." तेच ते परत परत. पदरानं त्यांचं तोंड पुसत बसले.

फौजेत अपघात झाला की चौकशी बसते. मालकांच्या अंगातून ती सवय गेली नव्हती. आठवड्याभरानं त्यांनी मला आणि आत्याबाईंना व्हरांड्यात बोलावलं. मालक वाईट नव्हते, हे मला आजही म्हणावं लागतं, आणि म्हणतानासुद्धा राग येतो. ते म्हणाले, "एक तर जॅक चुकीचा हुता, न्हाईतर ड्रायव्हर चुकला. ड्रायव्हर चुकला असंल, तर असल्या माणसाला मी ठेवत न्हाई, क्वार्टर सोडावं लागंल. जॅकच वाईट निघाला असंल, तर त्याच्यात त्याचा काय दोष? मग मी त्याला वाऱ्यावर सोडणार न्हाई. तुझ्या वडलांना निरोप धाडलाय. त्यांनीच येऊन जॅक बघू दे."

आत्याबाईंनी तिथंच माझ्याकडं वळून बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला लगेच कळला. जॅक माझ्या बापानं दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले. जॅक रेड्याच्या डिकीतच होता. मी हुक काढून हातात घेतला आणि अंगठा जिभेवर टेकवला. जीभ सपाट होती, रुंद, मध्ये खाच नाही. तरी खात्री करायला विळ्यानं थोडा रंग खरवडला. खालचा छाप दुसऱ्याच कारखान्याचा होता. मग वॅगनचा जॅक काढला. त्याच्या डोक्यात आबांचा हुक बसलेला होता, अरुंद जिभेचा, मध्ये खाच असलेला. तारेवर वाळत घातलेले दोन्ही हुक रंगानं सारखे दिसत होते, आणि जोडताना ह्यांच्या हातून अदलाबदल झालेली होती. वॅगन त्या दसऱ्यानंतर पंक्चर झाली नव्हती, म्हणून कुणाला कळलं नव्हतं एवढंच.

मी तिथं पेंडीच्या पोत्यावर बसले. एवढी असहाय मी आयुष्यात कधी झाले नव्हते. हे असंच मालकांना सांगावं, तर ह्यांची चूक. तीन बोटं गेलेला माणूस, त्याची म्हातारी आई, दोन खोल्या, सगळं माझ्या एका वाक्यानं रस्त्यावर येणार. न सांगावं, तर आबांनी खोटा जॅक दिला असं होणार. गुपचूप हुक बदलून जागच्या जागी लावावेत, असंही मनात आलं. पण मग जॅक बरोबर ठरला असता आणि चूक परत ह्यांचीच ठरली असती. कसंही करून बघितलं तरी एक जण जातच होता. मी दोन्ही जॅक होते तसे ठेवले आणि घरी आले. आबा येतील, आबांना सुचेल काहीतरी, असं मी स्वतःला सांगत राहिले.

आबा एसटीनं आले. आल्या आल्या त्यांनी आधी ह्यांचा हात बघितला. हे दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते. आबांनी बांधलेल्या हाताखाली आपला तळहात धरला आणि विचारलं, "लय दुखतंय का, पाव्हणं?" हे म्हणाले, "न्हाई मामा." मला आबांशी एकटीनं बोलायचं होतं, पण मालकांचा माणूस दारातच उभा होता.

व्हरांड्यात मालक खुर्चीत, आबा पायरीवर, हे भिंतीला टेकून, मी आणि आत्याबाई दाराशी. मालकांनी जॅक आबांच्या पुढ्यात ठेवला. आबांनी तो उचलला, ताटली बघितली, दांडा बघितला, मग हुक काढून हातात घेतला. त्यांचा अंगठा जिभेवर गेला आणि तिथंच थांबला. त्यांना कळलं हे मला दिसलं. त्यांनी मान वर करून शेडकडं बघितलं. वॅगनचं ढुंगण शेडमधून बाहेर दिसत होतं. मग त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान खाली घातलेली. आबांना सगळाच्या सगळा हिशोब तेवढ्यात लागला.

ते मालकांना म्हणाले, "मालक, एक इचारू? जॅक वाईट ठरला तर पाव्हण्याचं काय?"

"सांगितलंय की," मालक म्हणाले. "त्याच्यात त्याचा काय दोष? मळ्यातल्या पंपावर न्हाईतर गोदामावर बसवीन त्याला. ऱ्हाईल इथंच."

"मग चूक माझीच हाय," आबा म्हणाले. "ह्यो हुक ह्या गाडीचा न्हवं. मला वाटलं चालंल, म्हणून मी दिला."

मला वाटलं माझे कान फुटले. मी दारातून पुढं आले. बंगल्याच्या व्हरांड्यात तेव्हा बायका मोठ्यानं बोलत नसत, मी बोलले. "खोटं हाय त्ये. ह्यो हुक आबांचा न्हाई. आबांचा हुक वॅगनच्या जॅकला हाय. मी आणून दावते." मी पायरी उतरले, तोवर आबांनी माझं मनगट धरलं. लहानपणीसुद्धा त्यांनी मला इतकं घट्ट कधी धरलं नव्हतं.

"लेकरू हाय, मालक," ते म्हणाले. "बापाची बाजू घ्यायला लागलंय. त्येच्याकडं ध्यान देऊ नगा." आणि मला हळूच म्हणाले, "बस खाली."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी बांधलेला हात पोटाशी घेतला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. आणि मालकांना कारण हवं होतं ते मिळालेलं होतं. ते उठले. शेड तिथून हाकेवर होतं, जाऊन बघावं असं त्यांना वाटलं नाही. "म्हातारपणी नजर कमी झाली असंल तर दुकान बंद करावं माणसानं," एवढं म्हणून ते आत गेले.

आबांना सोडायला मी एसटी स्टँडवर गेले. वाटभर मी भांडत होते. मी म्हटलं, तुम्ही आयुष्यभर एक शब्द खोटा बोलला नाहीत आणि आज बोललात तो स्वतःच्याच विरुद्ध? लोक काय म्हणतील? सांगलीत तोंड कसं दाखवाल?

"माझा शब्द गेला तर मी काय उपाशी मरत न्हाई," आबा म्हणाले. "त्येची खोली गेली तर तू कुठं जाशील?"

"तुमच्याकडं येईन."

"आन् त्यो? आन् ती म्हातारी? एक हात घिऊन त्यो कुठं जाईल?" मग म्हणाले, "त्येनं हौसेनं रंग दिला गं. वाईट हेतूनं दिला न्हाई." गाडी लागली आणि ते चढले.

पुढचं सगळं मालक म्हणाले तसंच झालं. ह्यांना पंपावर काम मिळालं, खोल्या राहिल्या. आणि ड्रायव्हर लोक ज्या ज्या ठिकाणी चहा पितात त्या त्या ठिकाणी ही गोष्ट पोचली, की जॅकवाल्या आबांच्या जॅकनं त्यांच्याच जावयाचा हात गेला. पोरीच्या घरी देतानासुद्धा जो माणूस खोटा हुक देतो, तो आपल्याला काय देईल? असं लोक म्हणायचे आणि त्यांचं तरी काय चुकत होतं? आबांकडं कुणी येईना. वर्षभरात त्यांनी अर्धं दुकान सायकलच्या सामानाला दिलं. भिंतीवरचे जॅक हळूहळू भंगारात वजनावर गेले. कुठला कुठल्या गाडीचा, हे बघायचं काही कारण उरलं नव्हतं.

घरात आत्याबाईंचं तोंड सुरू झालं. त्यांना खरं माहीत नव्हतं. त्यांच्यापुरतं माझ्या बापानं त्यांच्या लेकाचा हात खाल्ला होता. ह्यांना डाव्या हातानं घास घेताना बघितलं की त्या म्हणायच्या, "तुझ्या बापाला कसं जेवण जातंय?" मी ऐकायची. मी उलट बोलणारी बाई आहे, गल्लीत माझ्या वाटेला कुणी जात नाही, पण या एका बाबतीत माझं तोंड शिवलेलं होतं. हे कधी कधी म्हणायचे, "बास कर आये." त्याच्यापुढं काही नाही. एकदा मला म्हणाले, "हुक मीच जोडलं हुतं. मला म्हायत हाय." मी म्हटलं, "मलाबी." मग ते बाहेर गेले. आबा आमच्याकडं आले की हे उठून पंपावर निघून जायचे, सुट्टी असली तरी. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांचा हात बघितला की तो राग धड पुराही व्हायचा नाही.

मग पेट्रोल महागलं. रेडा एवढं पेट्रोल प्यायचा की मालकांनाही परवडेना. गाडी शेडमध्येच पडून राहिली आणि शेवटी मालकांनी ती विकायला काढली. मुंबईहून एक गृहस्थ बघायला आले. असल्या गाड्यांचा त्यांना नाद होता. गाडीबरोबरचं सगळं सामान मूळचं आहे का, हे ते बारकाईनं बघत होते. मी व्हरांड्यात चहाचा ट्रे घेऊन उभी होते, हे डिकी उघडून धरून उभे होते. गृहस्थांनी झाकणावरचं चित्र बघितलं, जॅक उचलला आणि म्हणाले, "ताटली, दांडा, डोकं अस्सल आहे. हुक दुसऱ्याच गाडीचा आहे. तुमच्याकडे आणखी कुठली अमेरिकन गाडी आहे का?" ते स्वतःच वॅगनकडं गेले, तिचा जॅक काढला आणि हसत परत आले. "हा बघा. इकडचा तिकडं गेलाय."

मालक दोन्ही हुक हातात घेऊन बघत राहिले आणि हसायला लागले. "म्हंजे म्हातारबा खरा हुता की," ते म्हणाले. मग ह्यांच्याकडं वळले, "काय रं, दसऱ्याला तूच जोडलं हुतंस न्हवं?" ह्यांनी मान हलवली. मालक परत हसले आणि त्या गृहस्थांना चहा प्यायला घेऊन वर आले. एवढंच झालं. कुणी ह्यांना काढलं नाही, कुणी रागावलं नाही. इतकी वर्षं माझ्या बापाच्या नावावर जे होतं, ते एक कप चहा निवायच्या आत हसण्यावारी गेलं. तो ट्रे मालकांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं, हे मी अगदी खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी सांगली गाठली. वाटेत मी मनातल्या मनात सांगून बघत होते, कसं सांगायचं, आधी काय सांगायचं. आबांचा चेहरा कसा होईल, ते मला सारखं दिसत होतं. आबा दुकानात घमेल्यातल्या पाण्यात सायकलची ट्यूब दाबून पंक्चर शोधत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

त्यांचे हात थांबले. चेहरा फुलला नाही, पडला. "पाव्हणं तवा तितंच हुतं?"

"हुतं."

"मालक त्येला काय बोललं?"

"काय न्हाई. हसलं."

"काम हाय न्हवं त्येचं? खोली?"

"सगळं हाय आबा. आवं, तुमी खरं हुता, असं मालक सोता म्हणालं."

"मी खरा हुतो ते मला म्हायत न्हवतं व्हय?" आबा म्हणाले आणि त्यांनी ट्यूब परत पाण्यात घातली. बुडबुडे शोधता शोधता म्हणाले, "आता ह्ये घरी बोलू नगंस. तुझ्या सासूच्या कानावर जाईल. तिच्या लेकानं सोताच्या हातानं सोताचा हात घालवला, ह्ये या वयात तिला कशाला?"

मी संध्याकाळी परत आले. आत्याबाई दारातच बसल्या होत्या. "काय म्हणतोय तुझा बाप?" त्यांनी विचारलं. बरे आहेत म्हटलं आणि चूल पेटवायला आत गेले.